दुर्बल क्षयाची सैद्धांतिक प्रतिमाने

दुर्बल परस्परक्रियेमुळे एखादा अस्थिर मूलकण किंवा अणुकेंद्र आपोआप दुसऱ्या कणांत रूपांतरित होण्याच्या घटनेस दुर्बल क्षय म्हणतात. न्यूट्रॉनापासून प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो निर्माण होणे (बीटा क्षय), म्यूऑनाचे इलेक्ट्रॉनात रूपांतर होणे, तसेच पाय-मेसॉन, के-मेसॉन व इतर अनेक कणांचे क्षय हे या प्रकारात मोडतात. अशा क्षयाचा त्वरा, बाहेर पडणाऱ्या कणांतील ऊर्जेची वाटणी व त्यांच्या दिशा यांचे गणिताने भाकीत करण्यासाठी ज्या कल्पना वेळोवेळी मांडण्यात आल्या, त्यांना दुर्बल क्षयाची सैद्धांतिक प्रतिमाने म्हणता येईल. प्रस्तुत नोंदीत या प्रतिमानांचा विकास, त्यांची प्रायोगिक कसोटी व त्यांच्या मर्यादा यांची माहिती दिली आहे. [⟶ किरणोत्सर्ग, मूलकण].

‘दुर्बल’ हे विशेषण क्षयाच्या मंदपणावरून आले आहे. उदासीन पाय-मेसॉनाचा क्षय विद्युत् चुंबकीय परस्परक्रियेने होतो, तर विद्युत् भारित पाय-मेसॉनाचा क्षय दुर्बल परस्परक्रियेने होतो. दोघांची वस्तुमाने जवळजवळ सारखी असूनही भारित पाय-मेसॉन उदासीन पाय-मेसॉनापेक्षा सरासरीने सु. ३० कोटी पट अधिक काळ टिकतो. सूर्यात दोन प्रोटॉनांपासून ड्यूटेरॉन तयार होण्याची पहिली पायरी याच परस्परक्रियेवर अवलंबून आहे. ती अत्यंत मंद असल्यामुळेच सूर्यातील इंधन अब्जावधी वर्षे पुरते. तेव्हा ही परस्परक्रिया इतकी दुर्बल का, हा प्रश्न केवळ सैद्धांतिक महत्त्वाचा नाही. त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास पहिल्या यशस्वी प्रतिमानानंतर सु. ५० वर्षे लागली.

ऊर्जेचा प्रश्न व न्यूट्रिनो : जेम्स चॅडविक यांना १९१४ मध्ये असे आढळून आले की, बीटा क्षयात बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ठराविक नसते, तर शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंतची सर्व मूल्ये तीत आढळतात. मूळ व अंतिम अणुकेंद्रांच्या ऊर्जा निश्चित असताना इलेक्ट्रॉनाची ऊर्जा अनिश्चित कशी, हे कोडे होते. इलेक्ट्रॉन नमुन्यातून बाहेर पडताना वाटेत ऊर्जा गमावतो, असा एक तर्क होता. तो तपासण्यासाठी सी. डी. एलिस व डब्ल्यू. ए. वूस्टर यांनी १९२७ मध्ये रेडियम-ई (बिस्मथ-२१०) या पदार्थाच्या क्षयाने निर्माण होणारी एकूण उष्णता मोजली. वाटेत गमावलेली ऊर्जाही उष्णतामापकातच राहणार असल्याने प्रत्येक क्षयामागे कमाल मर्यादेइतकी, म्हणजे सु. १·०५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, ऊर्जा मिळावयास हवी होती. प्रत्यक्षात ती सु. ०·३४ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे वर्णपटातील सरासरी मूल्याइतकीच मिळाली. उरलेली ऊर्जा खरोखरच कोठेतरी नाहीशी होत होती.

या पेचातून सुटण्याचे दोन मार्ग होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अणुकेंद्रीय घटनांत केवळ सरासरीने पाळला जात असावा, अशी शक्यता नील्स बोर यांनी मांडली. उलट व्होल्फगांग पाउली यांनी ४ डिसेंबर १९३० रोजी लिहिलेल्या एका पत्रात, इलेक्ट्रॉनाबरोबर एक विद्युत् भाररहित व अतिशय हलका कण बाहेर पडतो आणि तो उष्णतामापकात न अडकता उरलेली ऊर्जा घेऊन जातो, अशी कल्पना सुचविली. या कणाला पुढे न्यूट्रिनो हे नाव मिळाले. नियम सोडावयाचा की न दिसणारा कण मानावयाचा, अशा या निवडीत पाउली यांची बाजू खरी ठरली. मात्र अणुभट्टीतून येणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंचे अस्तित्व एफ्. राइनेस व सी. एल्. कोवन यांना प्रयोगाने दाखविता आले ते १९५६ मध्ये.

फेर्मी प्रतिमान : एन्रीको फेर्मी यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेला सिद्धांत हे दुर्बल क्षयाचे पहिले परिपूर्ण प्रतिमान होय. अणुकेंद्रातून बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन आधीपासून त्यात कोंडलेला असतो, ही तोपर्यंतची समजूत फेर्मी यांनी सोडून दिली. उत्तेजित अणूतून बाहेर पडणारा फोटॉन ज्याप्रमाणे त्याच क्षणी निर्माण होतो, त्याप्रमाणे इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो हेही क्षयाच्या क्षणीच निर्माण होतात, असे त्यांनी मानले. न्यूट्रॉन, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व न्यूट्रिनो या चौघांचा संबंध अवकाशातील एकाच बिंदूत येतो आणि या क्रियेचे बळ एका स्थिरांकाने दर्शविले जाते, हे या प्रतिमानाचे सार आहे. या स्थिरांकाला आता फेर्मी स्थिरांक म्हणतात.

क्षयात मिळणारी ऊर्जा इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो यांच्यात किती प्रकारे वाटली जाऊ शकते, हे मोजले की वर्णपटाचा आकार आपोआप मिळतो. तो प्रयोगाशी जुळला. तसेच उपलब्ध ऊर्जा इलेक्ट्रॉनाच्या स्थिर वस्तुमानाशी निगडित ऊर्जेच्या मानाने पुष्कळ जास्त असल्यास क्षयाचा त्वरा त्या ऊर्जेच्या पाचव्या घाताच्या सम प्रमाणात वाढतो, म्हणजे ऊर्जा दुप्पट झाल्यास त्वरा ३२ पट होतो. बी. डब्ल्यू. सार्जंट यांना १९३३ मध्ये निरीक्षणांत आढळलेल्या नियमाचे स्पष्टीकरण यामुळे मिळाले. आयुःकालातील प्रचंड तफावतीचे कारणही हेच आहे. मुक्त न्यूट्रॉनाच्या क्षयात केवळ ०·७८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा उपलब्ध असते व त्याचे सरासरी आयुष्य सु. १५ मिनिटे असते. म्यूऑनाच्या क्षयात सु. १०५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा उपलब्ध असते व त्याचे सरासरी आयुष्य २·२ मायक्रोसेकंद असते. या दोन अवधींत सु. ४० कोटी पटींचा फरक असला, तरी दोन्ही क्षयांसाठी लागणारा स्थिरांक जवळजवळ एकच आहे.

म्यूऑनाचा क्षय, अणुकेंद्राने म्यूऑन शोषून घेणे आणि बीटा क्षय या वरवर निरनिराळ्या दिसणाऱ्या घटनांमागे एकच परस्परक्रिया आहे, हा विचार १९४७ नंतर ब्रूनो पाँतेकोर्व्हो, जी. पूप्पी व इतरांच्या कार्यातून पुढे आला. त्याला सार्वत्रिक फेर्मी परस्परक्रिया म्हणतात.

परस्परक्रियेचे रूप : विद्युत् चुंबकीय सिद्धांताचे साम्य ध्यानात घेऊन फेर्मी यांनी आपल्या परस्परक्रियेचे गणितीय रूप सदिश प्रकारचे मानले होते. अशा रूपाने घडणाऱ्या सर्वांत शीघ्र क्षयांत अणुकेंद्राचे परिवलन (स्वतःभोवतीच्या फिरण्याशी तुल्य असा आंतरिक कोनीय संवेग) बदलत नाही. परिवलन एका एककाने बदलणारे शीघ्र क्षयही आढळत असल्याने जॉर्ज गॅमो व एडवर्ड टेलर यांनी १९३६ मध्ये आणखी एका पदाची जोड दिली. सापेक्षता सिद्धांताशी सुसंगत अशी एकूण पाच रूपे संभवतात : अदिश, सदिश, प्रदिश, अक्षीय सदिश व छद्म अदिश. यांपैकी निसर्गात कोणती रूपे आहेत, हे ठरविण्यात पुढील दोन दशके गेली.

समतेचा भंग : एखाद्या घटनेचे आरशातील प्रतिबिंब ही देखील निसर्गात तितक्याच संभाव्यतेने घडू शकणारी घटना असते, या तत्त्वाला समतेची अक्षय्यता म्हणतात. ते स्वयंसिद्ध असल्यासारखे मानले जात होते. तथापि १९५० नंतरच्या काळात थीटा व टाउ अशी नावे दिलेल्या दोन कणांनी अडचण निर्माण केली. एकाचा क्षय दोन पाय-मेसॉनांत व दुसऱ्याचा तीन पाय-मेसॉनांत होई. समतेच्या नियमानुसार ते भिन्न कण असावयास हवे होते. परंतु त्यांची वस्तुमाने व आयुःकाल तंतोतंत सारखे होते. त्सुंग-दाव ली व चेन निंग यांग यांनी १९५६ मध्ये उपलब्ध पुराव्याची छाननी करून दाखवून दिले की, दुर्बल परस्परक्रियेत समता अक्षय्य राहते याची प्रयोगाने कधी तपासणीच झालेली नाही.

ही तपासणी च्यन-श्युंग वू व त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन येथे १९५६–५७ मध्ये केली. कोबाल्ट-६० ची अणुकेंद्रे केवल शून्याच्या वर सु. एक शतांश अंश तापमानास चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने मांडली असता, त्यांच्यातून निघणारे इलेक्ट्रॉन परिवलनाच्या विरुद्ध दिशेने अधिक प्रमाणात बाहेर पडतात असे आढळले. आरशातील प्रतिबिंबात परिवलनाची दिशा उलट होते, पण इलेक्ट्रॉनांची तशीच राहते. म्हणजे प्रतिबिंबातील घटना निसर्गात घडणारी नव्हे. थीटा व टाउ हे एकच कण (के-मेसॉन) ठरले. ऊर्जेच्या बाबतीत जुना नियम वाचविणे योग्य ठरले होते. येथे मात्र जुना नियम सोडावा लागला. ली व यांग यांना १९५७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सदिश–अक्षीय सदिश प्रतिमान : समतेच्या भंगामुळे परस्परक्रियेच्या रूपाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. ई. सी. जी. सुदर्शन व आर्. ई. मार्शाक यांनी १९५७ मध्ये असे प्रतिपादन केले की, दुर्बल परस्परक्रियेचे सार्वत्रिक रूप सदिश वजा अक्षीय सदिश असेच असले पाहिजे. केरळमध्ये जन्मलेले सुदर्शन हे रॉचेस्टर विद्यापीठात जाण्यापूर्वी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत होते. आर्. पी. फाइनमन व एम्. गेल-मान हे स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले व त्यांचा निबंध १९५८ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाला. या रूपाचा भौतिक अर्थ सोपा आहे : दुर्बल परस्परक्रियेत केवळ ‘डावखुरे’ कण व ‘उजवे’ प्रतिकण भाग घेतात. गतीच्या दिशेच्या संदर्भात ज्याचे परिवलन डाव्या आट्यांच्या स्क्रूप्रमाणे असते, तो कण डावखुरा होय.

त्या वेळी हे प्रतिमान चार प्रायोगिक निष्कर्षांच्या विरोधात जात होते. हीलियम-६ च्या क्षयात इलेक्ट्रॉन व न्यूट्रिनो यांच्या दिशांमधील संबंध, म्यूऑनापासून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाची दिशा, परिवलन एका दिशेने मांडलेल्या न्यूट्रॉनांच्या क्षयातील असममिती आणि पाय-मेसॉनाच्या इलेक्ट्रॉनात होणाऱ्या क्षयाचा अभाव, हे ते चार निष्कर्ष होत. सुदर्शन व मार्शाक यांनी प्रतिमान न बदलता हे चारही प्रयोग पुन्हा करावेत असे सुचविले. पुन्हा केलेल्या मोजमापांत चारही निकाल प्रतिमानाच्या बाजूने लागले.

यांपैकी पाय-मेसॉनाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. उपलब्ध ऊर्जेचा विचार करता पाय-मेसॉनाचा क्षय जड म्यूऑनापेक्षा हलक्या इलेक्ट्रॉनात अधिक वेळा व्हावयास हवा. प्रत्यक्षात तो जवळजवळ नेहमी म्यूऑनातच होतो. पाय-मेसॉनाचे परिवलन शून्य असल्याने विरुद्ध दिशांनी निघणाऱ्या दोन कणांची परिवलने परस्परांना छेदून टाकणारी असावी लागतात. प्रतिन्यूट्रिनो उजवा असल्याने सोबतचा इलेक्ट्रॉनही उजवा असणे भाग पडते. परंतु परस्परक्रिया तर डावखुरा इलेक्ट्रॉनच निर्माण करू पाहते. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाच्या बाबतीत ही अट पाळली जाणे फार कठीण असते. मंदगती म्यूऑनाच्या बाबतीत ते तितके कठीण नसते. यावरून दर दहा हजार क्षयांत सु. १·२ क्षय इलेक्ट्रॉनात व्हावेत असे भाकीत मिळते. जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत हा क्षय १९५८ मध्ये प्रथम आढळला व पुढील मोजमापे या भाकिताशी जुळली. न्यूट्रिनो डावखुरा असतो, हे मॉरिस गोल्डहाबर व त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्येच स्वतंत्र प्रयोगाने सिद्ध केले.

क्वार्कांचे मिश्रण : सार्वत्रिकतेच्या कल्पनेत दोन उणिवा होत्या. न्यूट्रॉनाच्या क्षयातील सदिश स्थिरांक म्यूऑनाच्या स्थिरांकापेक्षा दोन ते तीन टक्क्यांनी कमी भरत होता आणि विचित्र कणांचे क्षय अपेक्षेच्या सु. एक विसांश इतकेच होत होते. नीकोला काबीब्बो यांनी १९६३ मध्ये या दोन्ही उणिवांचा एकत्र उलगडा केला. दुर्बल परस्परक्रियेचे एकूण बळ एकच असते. पण ते विचित्रता न बदलणाऱ्या व बदलणाऱ्या क्षयांत एका कोनाच्या अनुक्रमे कोज्या व ज्या यांनुसार विभागले जाते. हा कोन सु. १३ अंश आहे. क्वार्कांच्या भाषेत सांगावयाचे, तर दुर्बल परस्परक्रियेत ‘अप’ क्वार्काचा जोडीदार हा ‘डाउन’ व ‘स्ट्रेंज’ या क्वार्कांचे मिश्रण असतो.

काबीब्बो प्रतिमानानुसार उदासीन के-मेसॉनाचा दोन म्यूऑनांत होणारा क्षय सहज आढळावयास हवा होता. तो दर अब्ज क्षयांत सु. सातच वेळा होतो. शेल्डन ग्लॅशो, जॉन इलिओपूलोस व लुचानो मायानी यांनी १९७० मध्ये ‘चार्म’ नावाचा चौथा क्वार्क असल्यास या क्षयाची दोन पदे परस्परांना जवळजवळ रद्द करतील, असे दाखविले. चार्म क्वार्क असलेला कण १९७४ मध्ये सापडला.

जेम्स क्रोनिन, व्हॅल फिच व त्यांचे सहकारी यांना १९६४ मध्ये असे आढळले की, दीर्घायुषी उदासीन के-मेसॉनांच्या दर पाचशे क्षयांत सु. एक क्षय, आरशातील प्रतिबिंब व कण–प्रतिकण अदलाबदल या संयुक्त सममितीचा भंग करतो. माकोतो कोबायाशी व तोशिहिदे मास्कावा यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, क्वार्कांच्या किमान तीन जोड्या असतील तरच असा भंग मिश्रणातून उद्‌भवू शकतो. त्या वेळी तीनच क्वार्कांचा पुरावा उपलब्ध होता. पाचवा क्वार्क १९७७ मध्ये व सहावा १९९५ मध्ये सापडला. बी-मेसॉनांच्या क्षयातील असममिती अमेरिका व जपान येथील प्रयोगांत २००१ मध्ये सिद्ध झाली आणि या दोघांना २००८ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

मध्यस्थ कण व एकत्रित सिद्धांत : बिंदूत घडणाऱ्या परस्परक्रियेच्या प्रतिमानात एक अंगभूत दोष होता. ऊर्जा वाढत जाईल तशी विक्रियेची संभाव्यता वाढत जाते व काही शेकडो अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला ती एकाहून अधिक होते. हे अर्थशून्य होय. परस्परक्रिया एका बिंदूत न घडता एखाद्या जड मध्यस्थ कणाच्या देवाणघेवाणीने घडते, असे मानल्यास ही वाढ रोखली जाते. ग्लॅशो (१९६१), स्टीव्हन वाइनबर्ग (१९६७) व अब्दुस सलाम (१९६८) यांनी दुर्बल व विद्युत् चुंबकीय परस्परक्रिया एकाच चौकटीत आणल्या. या सिद्धांतातील गणनांत अनंत मूल्ये शिल्लक राहत नाहीत, हे गेरार्ड ट हूफ्ट यांनी १९७१ मध्ये दाखविल्यावर त्याला व्यापक मान्यता मिळाली. सिद्धांताने भाकीत केलेल्या, विद्युत् भाराची देवाणघेवाण न होणाऱ्या दुर्बल विक्रिया १९७३ मध्ये सर्न येथील बुद्बुद कोठीत आढळल्या. तेथेच १९८३ मध्ये डब्ल्यू व झेड हे मध्यस्थ कण सापडले. त्यांची वस्तुमाने प्रोटॉनाच्या अनुक्रमे सु. ८६ व ९७ पट आहेत. या कणांना वस्तुमान प्राप्त करून देणाऱ्या यंत्रणेशी निगडित असलेला हिग्ज बोसॉन सापडल्याचे सर्नने ४ जुलै २०१२ रोजी जाहीर केले.

दुर्बल परस्परक्रिया दुर्बल का, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. तिचा मूळ युग्मनांक विद्युत् भाराशी निगडित युग्मनांकापेक्षा लहान नसून उलट सु. दुप्पट आहे. परंतु डब्ल्यू कण अतिशय जड असल्यामुळे परस्परक्रियेचा पल्ला प्रोटॉनाच्या त्रिज्येच्या सु. साडेतीनशेव्या भागाइतकाच असतो आणि कमी ऊर्जेच्या क्षयांत तिचा प्रभाव त्या वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. फेर्मी स्थिरांक हा स्वतंत्र मूलभूत अंक नसून युग्मनांकाचा वर्ग व डब्ल्यू कणाच्या वस्तुमानाचा वर्ग यांचे ते गुणोत्तर होय (एका संख्यात्मक गुणकासह). म्हणून फेर्मी प्रतिमान चुकीचे ठरत नाही. अधिक व्यापक सिद्धांताचे ते कमी ऊर्जेला लागू पडणारे रूप ठरते.

हॅड्रॉनांचे क्षय : क्वार्क मुक्त अवस्थेत आढळत नाहीत; ते प्रबल परस्परक्रियेने हॅड्रॉनांत (प्रोटॉन, मेसॉन इत्यादींत) बांधलेले असतात. त्यामुळे मूळ दुर्बल क्षय सोपा असला, तरी प्रत्यक्ष गणना बिकट होते. जड क्वार्काचा क्षय होताना सोबतचा क्वार्क केवळ प्रेक्षकाप्रमाणे तटस्थ राहतो, हे सर्वांत साधे प्रतिमान आहे. ते खरे असल्यास एकाच जड क्वार्काच्या सर्व मेसॉनांचे आयुःकाल सारखे असावेत. बॉटम क्वार्काच्या भारित व उदासीन बी-मेसॉनांत हा फरक सु. ८ टक्केच आहे. पण अधिक हलक्या चार्म क्वार्काच्या बाबतीत भारित डी-मेसॉन उदासीन डी-मेसॉनाच्या सु. अडीच पट जगतो. क्वार्क जितका जड तितका प्रेक्षक क्वार्काचा परिणाम कमी, असा विस्तार यावरून करण्यात आला आहे. के-मेसॉनांत तर प्रबल परस्परक्रियेचा परिणाम फारच मोठा आहे : अल्पायुषी उदासीन के-मेसॉनाचा दोन पाय-मेसॉनांत होणारा क्षय भारित के-मेसॉनाच्या तशाच क्षयाहून सहाशेपेक्षा अधिक पट शीघ्र असतो. अवकाश व काल यांना जाळीच्या बिंदूंत विभागून संगणकावर केलेल्या गणनांतून २०२० पर्यंत या तफावतीशी स्थूलमानाने जुळणारे मूल्य मिळाले आहे.

अनुत्तरित प्रश्न : न्यूट्रिनोंना वस्तुमान नसते, असे मूळच्या एकत्रित सिद्धांतात मानले होते. एका प्रकारच्या न्यूट्रिनोचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर होते, हे जपानमधील प्रयोगात १९९८ मध्ये आढळल्यावर त्यांना अल्प का होईना वस्तुमान असते हे स्पष्ट झाले. जर्मनीतील कार्ल्सरूए येथे ट्रिटियमाच्या बीटा वर्णपटाचे अखेरचे टोक तपासून २०२५ मध्ये या वस्तुमानाची जी वरची मर्यादा ठरविण्यात आली, ती इलेक्ट्रॉनाच्या वस्तुमानाच्या एक दशलक्षांशाहून कमी आहे. न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण असल्यास काही अणुकेंद्रांत न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षय घडावा. तो अद्याप आढळलेला नाही. मुक्त न्यूट्रॉनाचे सरासरी आयुष्य मंद न्यूट्रॉन कोंडून मोजल्यास सु. ८७८ सेकंद व न्यूट्रॉन शलाकेतील क्षय मोजून काढल्यास सु. ८८८ सेकंद येते. या दहा सेकंदांच्या फरकाचा उलगडा झालेला नाही. अप क्वार्काशी संबंधित मिश्रणाच्या संभाव्यतांची बेरीज नेमकी एक यावयास हवी, ती सु. दीड सहस्रांशाने कमी भरते. ही मोजमापातील वा गणनेतील त्रुटी आहे की आणखी एखाद्या कणाची खूण, हे ठरावयाचे आहे. क्वार्क मिश्रणातून मिळणारा सममितीचा भंग विश्वात द्रव्य शिल्लक राहून प्रतिद्रव्य जवळजवळ नाहीसे का झाले, हे सांगण्यास पुरेसा नाही.

दुर्बल क्षयाच्या प्रतिमानांचा इतिहास अशा लहानमोठ्या विसंगतींनीच घडविला आहे. हिशोबात न जुळलेल्या ऊर्जेतून न्यूट्रिनो, दोन-तीन टक्क्यांच्या तुटीतून क्वार्कांचे मिश्रण व न आढळलेल्या क्षयातून चार्म क्वार्क निष्पन्न झाला. उलट सदिश–अक्षीय सदिश प्रतिमानाच्या आड आलेले चारही निष्कर्ष चुकीचे अथवा अपुरे होते. विसंगती निसर्गातील आहे की मापनातील, याचा निर्णय प्रत्येक वेळी अधिक काटेकोर मोजमापानेच झाला आहे. म्यूऑनाचा आयुःकाल आता सु. एक दशलक्षांश इतक्या अचूकतेने ज्ञात असून त्यावरून मिळणारा फेर्मी स्थिरांक हा या पुढील सर्व तपासण्यांचा आधार आहे.